घरातलं कोण देशाबाहेर हाय?

मोजायला आलेल्या माणसावर आमच्या मेहकरात कुणी इश्वास ठेवत न्हाई, आन् ठेवावा तरी कामून? हिरी मोजल्या, तर पाणीपट्टी आली. पोरं मोजली, तर जीप आली आन् गड्यांला धरधरून आपरेशनला नेलं. हैदराबादचं राज मोडलं तव्हा माणसं इचारून गेलती म्हणं, घरात काय बोलता, मराठी का कानडी? गाव बोललं मराठी, आन् आमी गेलो म्हैसूर राज्यात, कानडीकडं. तव्हापासून गावाची रीतच पडली. मोजणारा येणार म्हणलं की आदल्या दिवशी चावडीफुडं बसायचं, काय सांगायचं ते ठरवायचं, आन् दुसऱ्या दिवशी अंकुशरावाच्या घरापासून आमच्या बौद्धवाड्यापर्यंत समद्यांनी तेच सांगायचं. एरवी पाण्याला हीर येगळी, पर खोटं बोलायला समदं गाव एक.

त्र्याऐंशी सालचं सांगायलेय. तलाठ्यानं दवंडी दिली की गुलबर्ग्याच्या मोजणीच्या हापिसातून एक साहेब येणार हाय. घरातलं कोण देशाबाहेर गेलंय, कव्हा गेलंय, कव्हा येणार, एवढंच इचारणार हाय. झालं! चावडीफुडं गाव जमलं. आमी बायका मागं भिंतीला उभ्या.

अंकुशराव म्हंजे गावातला सगळ्यात शहाणा माणूस, निदान तेला तसं वाटायचं. तेनं पान थुंकलं आन् म्हणला, "देशाबाहेर कोण गेलंय हे इचारायला सरकार मेहकराला कशाला यील रे? इमानं मुंबईला हायत, तिथं मोजावं की. हा राज्याची हद्द ठरवणारा माणूस हाय. आज इचारल मस्कतला कोण गेला. उद्या इचारल उदगीरच्या बाजाराला कोण जातो, लातुराकडं लेक कुणी दिली. मग लिव्हून नेल, ही माणसं एक पाय बाहेर टाकून बसलीत."

लोकांनी माना हलवल्या. ठराव झाला. मेहकरातलं कुणी कुठं गेलेलं न्हाई.

आता बगा, गावातले डझनभर गडी तव्हा दुबई-मस्कतला हुते. खुद्द अंकुशरावाचा धाकटा दुबईला डायवर. आन् माझा नवरा, नागनाथ, मस्कतला. गवंडी हुता. हात लै चांगला तेचा, ओळंबा न लावता भित सरळ घ्यायचा. हैदराबादच्या एजंटासंग गेला. सुरवातीला कागद यायचे, तिथं ऊन लै, भाकर मिळत न्हाई, पोरीला शाळेत घाल. मग कागद यायचे बंद झाले. मी माझ्या दिराला, गुंडेरावाला इचारायची, तर तो म्हणायचा, "बरा हाय वैनी. भालकीला एका सेठाच्या दुकानात फोन आलता." कव्हा एकांदं लुगडं आणायचा, कव्हा अत्तराची बाटली, म्हणायचा दादानं धाडलंय.

मला गुंडेरावाचा शक यायचा. शक कशाचा, तर नागनाथ मेलाय ह्याचा. कामून, तर राजेश्वर गावचा एक गडी, श्रीमंत नावाचा, तिकडंच मचाणावरून पडून मेला, आन् तेच्या बायकोला घरच्यांनी कितीतरी महिने कळू दिलं न्हाई. ती बिचारी तेच्या नावाचं कुकू लावून सणावाराला नटायची, आन् गल्लीत समद्यांला ठाऊक. मी तिला माझ्या डोळ्यांनी बगितलेलं. तव्हापासून गुंडेराव दारातून आत आला की मी आधी तेचं तोंड बगायची. सासू उगं गप बसली तरी मला वाटायचं, हिला काय तरी कळलंय. माझा नवरा जिता हाय का मेलाय, एवढंच मला पायजे हुतं, आन् एवढंच मला कुणी धड सांगत नव्हतं.

मोजणारा आला तो पार सायकलीवरून. सोमशेखर तेचं नाव. अंगानं काटकुळा, खांद्याला पिशवी, आन् कानडी माणूस असून मराठी असली नीट बोलायचा की मला त्याचाबी शक आला. म्हणलं, हा आमच्यासाठी मुद्दाम शिकून आलेला दिसतोय.

अंकुशरावाच्या दारात तो उभा ऱ्हायला तव्हा मी हिरीवर जायच्या निमतानं तिथंच हुते. "घरातलं कोणी देशाबाहेर गेलंय का?" त्यानं इचारलं. अंकुशराव हात जोडून म्हणला, "न्हाई जी. आमी शेत सोडून कुठं जातोय?" आन् त्याच टायमाला तेच्या मागं माडीवर दुबईचा टेप रेकॉर्डर बोंबलायलाय, आन् अंगणात दोरीवर वाघाचं चित्र असलेलं जाडजूड परदेशी ब्लँकेट वाळायलंय! सोमशेखरनं ब्लँकेटाकडं बगितलं, अंकुशरावाकडं बगितलं, आन् 'न्हाई' म्हून लिव्हलं. मला तर हसू आवरंना, पदर तोंडात कोंबला.

घरामागं घर, तेच. न्हाई जी. न्हाई जी. आमच्या वाड्यातबी तेच.

माझ्या दारात आला तव्हा गुंडेराव शेतात गेलता. जाताना बजावून गेलता, "वैनी, हा पासपोर्टाचा पोलीस हाय. एजंटाचे कागद कसले असतेत तुला ठाव न्हाई. तोंड उघडशील तर दादा तिकडं आन् मी हिकडं, दोघंबी आत." सासू, सुभद्राबाई, उंबऱ्यात तूर निवडत बसलती.

"जय भीम, अक्का," सोमशेखर म्हणला. भितीवरचा फोटू बगून म्हणला असंल. "घरातलं कोणी देशाबाहेर हाय का?"

सासूनं माझ्याकडं डोळे वटारले. मी आधी न्हाईच म्हणणार हुते. मग मनात आलं, अगं चांगुणा, समदं गाव न्हाई म्हणायलंय, तूबी न्हाई म्हणलीस तर तुझा माणूस सरकारच्या लेखी गेलाच न्हाई. जो गेलाच न्हाई तेला हुडकणार कोण?

"हाय," मी म्हणलं. "माझा नवरा हाय. मस्कतला."

सासूच्या सुपातली तूर सांडली. शेजारच्या दारातून कुणीतरी "आग्ग बाई!" म्हणलं, आन् एक बाई लुगडं सावरत अंकुशरावाच्या घराकडं पळाली. सोमशेखरचा चेहरा मातुर असा खुलला, काय सांगू! बिचाऱ्याला आख्ख्या गावात पैल्यांदा कुणीतरी खरं बोललं हुतं.

तो ओट्यावर बसला. मी पाणी दिलं, तेनं पेलं. मी म्हणलं, "आधी मी इचारणार, मग तुमी. ह्या मोजणीत आला की सरकार तेचा ठावठिकाणा काढतंय का?"

"न्हाई अक्का," तो म्हणला. "खोटं कशाला बोलू? परदेशी गेलेल्याचं नाव आम्हांला लागत न्हाई. फक्त किती गेले, किती आले."

"नावाबिगर माणूस कसा मोजता? मेंढरं हायत का?"

तो म्हणला, "ऐका. विमानात बसायच्या आधी प्रत्येकाला एक कार्ड भरावं लागतं. कुठला, कुठं चालला, कशासाठी. येताना पुन्हा एक. अशी लाखांनी कार्डं जमतात. सगळी वाचत बसलं तर जन्म पुरायचा न्हाई. मग त्यातली थोडी उचलतात, ती वाचतात, आणि बाकीच्यांचा त्यावरून अंदाज बांधतात. तो अंदाज जमलाय का, हे बघायला आम्ही घरोघर फिरतो. तेही सगळ्या गावांत न्हाई, चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या गावांत."

"म्हंजे अंदाज बराबर हाय का ते बगायला दुसरा अंदाज?"

तो हसला. "होय अक्का. असंच हाय."

"मग माझ्या नवऱ्याचं कार्ड वाचलं का न्हाई वाचलं?"

"ते कोणीच सांगू शकणार न्हाई."

मला असा राग आला! म्हणलं, पांढरपेशी माणसं ही, पगार खाऊन अंदाज बांधतेत, आन् हिकडं माझा जीव टांगणीला. पर एक हाय, तो मला फसवत नव्हता. घरच्या माणसांपरास बरा. मी म्हणलं, "इचारा."

तेवढ्यात गुंडेराव आला. धावत आलता, धोतर गुडघ्यावर, पायाला चिखल. मागं अंकुशराव, आन् तेच्या मागं निम्मं गाव. गुंडेरावानं माझ्याकडं असं बगितलं की खाऊ का गिळू. पर आता काय करतो? सुटलेलं तोंड परत कसं मिटवणार? साहेबाफुडं हात बांधून बसला आन् म्हणला, "बाईमाणसाला काय कळतंय साहेब? मला इचारा. मी सक्का भाऊ हाय."

"बरं," सोमशेखर म्हणला. "गेला तो विमानानं का जहाजानं?"

"इमानानं. मुंबईहून."

"काम कसलं?"

"गवंडी."

"किती मुदतीसाठी?"

"दोन वर्सं," गुंडेराव म्हणला, आन् मी बगितलं, दोन वर्सं म्हणताना तो धोतराचा सोगा चाळवाय लागला. दोन वर्सं तर कव्हाच सरली हुती. गावात बोलणं हुतं की मुदत सरल्यावर जो यीत न्हाई तेच्या घरावर वारंट येतं. खरं खोटं देव जाणे, पर समद्यांला तसं वाटायचं.

सोमशेखरला तेचं काही न्हाई. तो आपला पेन धरून फुडचं इचारता झाला, "गेल्या एका वर्षात भारतात येऊन परत गेला का?"

"व्हय व्हय! येऊन गेला की!" गुंडेराव घाईघाईनं म्हणला. "दिवाळीच्या टायमाला आलता. मुदतीतच आलता साहेब, उशीर नव्हता केला. गुलबर्ग्याला उतरला. मीच गेलतो ना ठेसनावर, सामान लै हुतं, हमाल करावा लागला, तेच्या डोक्यावर ती मोठी पेटी..."

आन् थांबला.

अंकुशरावाचं तोंड उघडं ते उघडंच. मी गुंडेरावाकडं बगितलं. तो माणूस खोटं रचायला बसला की आधी डोकं खाजवतो, अडखळतो, मग बोलतो. मला दहा वर्सांचा अनुभव. आन् ही पेटी, हा हमाल, हे बिनअडखळता भडाभडा बाहेर आलं हुतं.

मग मला आठवलं. दिवाळीला गुंडेराव गुलबर्ग्याला गेलता खरा. तुरीचा सौदा करायला जातो म्हणला. तूर शेतात फुलावर, घरातली जुनी तर पावसाळ्यातच संपलती. फुलाचा सौदा कोण करतं? मी तव्हाच शक घेतला हुता, पर मला वाटलं ह्याचंच कुठं लफडं हाय, आपल्याला काय करायचंय. धाकट्या जावंलाबी बोलले न्हाई, उगं घरात भांडण नको म्हून.

"गुंडेराव," मी म्हणलं, "माझ्याकडं बगा. जिता हाय का?"

"वैनी, आत चला, आत बोलू."

"इथंच! जिता हाय का मेलाय?"

तेनं मान खाली घातली. "जिता हाय."

माय गं! मी मट्दिशी खाली बसले आन् रडाय लागले. जिता हाय! मी तेला किती येळा मनात पुरून बसले हुते, किती येळा कुकू पुसून झालं हुतं माझं, आन् तो जिता हाय! त्या घडीला मला गुंडेरावाच्या चिखलाच्या पायावर डोस्कं ठेवावं वाटलं. खरं सांगते, तेवढ्या येळेपुरता मला कुणाचाच राग नव्हता.

डोळे पुसले तव्हा ध्येनात आलं की रडायलेली मी एकलीच हाय. सासू उंबऱ्यात बसून सांडलेली तूर एकेक दाणा येचायली हुती. मान वर न्हाई, डोळ्याला पाणी न्हाई. लेक जिता हाय म्हणल्यावर जी आई रडत न्हाई, तिला ते आधीपासून ठाव असतंय.

"कुठं हाय?" मी इचारलं.

"गुलबर्ग्याला," गुंडेराव म्हणला. "आला तो तिथंच ऱ्हायला. मिस्त्रीकी करायलाय. परत गेलाच न्हाई."

"एकला?"

गुंडेराव आईकडं बगाय लागला. म्हातारीनंच जवाब दिला, तूर येचता येचता. "अक्कम्मा म्हून एक हाय. तिच्या घरी ऱ्हातो. मी सांगून दमले बाई, माझं कोण ऐकतंय?"

लुगडं! अत्तर! मी पेटी उघडून वास घ्यायची, मस्कतचा वास म्हून. गुलबर्ग्याच्या बाजारातलं असंल, न्हाईतर तिनंच पसंत केलं असंल. मी उठले आन् गुंडेरावाला असं बोलले, असं बोलले की अंकुशरावानं कानाला हात लावला. ते इथं सांगत न्हाई. शेवटी तेला म्हणलं, "मुडद्या, मेला म्हून सांगितलं असतंस तर मी एकदा रडून मोकळी झाले असते!" अंकुशराव मधी पडाय लागला, "चांगुणे, बाहेरच्या माणसाफुडं..." मी म्हणलं, "बाहेरचाच माणूस बरा अण्णा! तेनं चार गोष्टी इचारल्या आन् खरं बाहेर पडलं. तुमी समदे घरचे!"

सोमशेखर बिचारा पार अवघडून गेलता. पेनाला टोपण लावलं, काढलं, परत लावलं. उठावं का बसावं कळंना. मी म्हणलं, "बसा साहेब. तुमचं काम करा. आता काय लिव्हणार?"

तो हळूच म्हणला, "अक्का, नियम असा हाय. परदेशी गेलेला माणूस ज्या घरातून गेला, त्या घराच्या खात्यावर धरतात, येईपर्यंत. पण देशात असला, तर जिथं जेवतो तिथला. जिथली चूल, तिथला माणूस."

"म्हंजे तो तिकडं हाय म्हणलं तर माझा. आन् हिकडं हाय म्हणलं तर तिचा."

"कागदावर तसंच होतं."

गुंडेराव चटकन म्हणला, "साहेब, मस्कतच ऱ्हाऊ द्या. मी दादाला समजावतो, आणतो घरी. वैनी, तुझ्याच भल्याचं सांगतोय. गावाला कशाला कळवायचं?" गाव तर तिथंच उभं हुतं, पर तेलाबी ती रीत आवडली. अंकुशराव म्हणला, "व्हय, मस्कतच बरं. आब ऱ्हातो." कालपर्यंत हेच मस्कत नको म्हणत हुते!

मी इचार केला. खोटं न्हाई बोलत, केला इचार. मस्कत लिव्हलं असतं तर मी गावात मस्कतवाल्याची बायको ऱ्हायले असते. कुकू लावलं असतं, नटले असते, राजेश्वरच्या श्रीमंतच्या बायकोवानी. गल्लीत समद्यांला ठाऊक, आन् मी आपली वाट बगतेय.

"खोडा," मी म्हणलं.

सोमशेखर म्हणला, "अक्का, नीट विचार करा. हे एक घर म्हणून मोजलं जात न्हाई. ह्याच्यासारख्या शेकडो घरांचा अंदाज ह्याच्यावरून बांधतात. हा एक खोडला, तर हिशेबात तेवढी माणसं परदेशातून कमी होतात."

"होऊ द्या कमी," मी म्हणलं. "त्यातली किती खरंच तिकडं हायत, ते तुमाला तरी कुठं ठाव हाय? खोडा म्हणलं ना!"

तेनं माझ्याकडं बगितलं, मग कागदाला पट्टी लावली आन् आडवी रेघ मारली. सावकाश मारली. मी शेवटपर्यंत बगत ऱ्हायले. गुंडेराव उठून भितीकडं तोंड करून उभा ऱ्हायला.

"आता ह्या घराचं लिहितो," सोमशेखर म्हणला. "ह्या चुलीवर जेवणाऱ्यांची नावं सांगा."

"मी, चांगुणा. माझी पोर, शाळेत गेलीय. गुंडेरावाची चूल येगळी, तेचं तेला इचारा."

"आणि ह्या आजी?"

म्हातारीचा हात सुपातच थांबला. ती माझ्याकडंच जेवायची, गुंडेरावाच्या बायकोचं आन् तिचं पटायचं न्हाई. दिवाळीपासून रोज माझ्या हातची भाकर खाल्ली, रोज मला म्हणली, "यील गं, कागद यील." आता तिनं मान वर केली. डोळे भरलेले. इतका येळ लेकासाठी आलं न्हाई ते पाणी आता आलं. सोमशेखरचं पेन कागदावर टेकलेलं.

मला तिचा राग अजूनबी हाय. तव्हा तर असा हुता की सूप उचलून फेकावं. पर तिला मी न्हाई म्हणलं असतं तर ती कुठल्या चुलीची झाली असती? गुलबर्ग्याच्या? तिथं तिला इचारतंय कोण?

"लिव्हा," मी म्हणलं. "सुभद्राबाई, माझ्याच चुलीवर. पर फुडं असं लिव्हा, की हिच्यावर माझा इश्वास न्हाई."

सोमशेखरनं कागद वरपासून खालपर्यंत बगितला. "तसा रकाना न्हाई, अक्का."

"मग नुसतं नाव लिव्हा."